ओले बूट, लाइफ जॅकेट, दोर आणि तंबू: पावसाळी सहलीनंतर कसे धुवावे, सुकवावे आणि ठेवावे?

पावसाळा लागला की रविवारी सकाळच्या कसारा लोकलमध्ये पाठपिशव्यांची गर्दी होते. कोणी खडवलीला उतरून भातसा नदीवर जाते, कोणी आसनगावला उतरून माहुली गड चढते, तर कोणी कसाऱ्याहून विहीगावच्या धबधब्यावर दोराने उतरायला जाते. संध्याकाळी परतताना ओले बूट, मोजे, टॉवेल आणि कपडे एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून गाठ मारली जाते. सोमवारी ऑफिस असते, त्यामुळे ती पिशवी बऱ्याचदा बुधवारी किंवा गुरुवारी उघडते.

जुलै-ऑगस्टमध्ये दवाखान्यात बोटांमधल्या चिखल्या, जांघेतले गजकर्ण, कानदुखी आणि ताप घेऊन येणाऱ्यांना मी दोन प्रश्न नेहमी विचारतो. नदीत किंवा साचलेल्या पाण्यात उतरला होतात का? आणि तेव्हाचे बूट-कपडे पूर्ण सुकले होते का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा "तसे सुकले होते" असे असते. आजाराला तेवढा ओलावा पुरतो.

धुणे, सुकवणे आणि ठेवणे: तिन्हींची गरज का?

"चांगले ऊन दाखवले की झाले" किंवा "डेटॉलमध्ये भिजवले की झाले" असे आपल्याला वाटते. पण नदीवरून येणारे त्रास एकाच प्रकारचे नसतात. प्रत्येकाला थांबवणारी पायरी वेगळी आहे.

- लेप्टोस्पायरा जिवाणू: उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून तो पाण्यात आणि चिखलात येतो. गोड्या पाण्यात आणि ओल्या मातीत तो अनेक दिवस, कधी आठवडेही टिकतो. पूर्ण सुकल्यावर मात्र लवकर मरतो. याला थांबवते ती सुकवण्याची पायरी.
- त्वचेची बुरशी: गजकर्ण आणि चिखल्या हिच्यामुळे होतात. सुकल्यावर ही वाढत नाही, पण मरतही नाही. बुटात पडलेल्या त्वचेच्या कणांमध्ये ती महिनोन्महिने तग धरू शकते. ती कमी करायची तर घासून धुवावे लागते.
- डेंग्यूच्या डासाची अंडी: एडीस डासाची मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी होऊनही काही महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी मिळाले की फुटतात. म्हणून पाणी ओतून देणे पुरत नाही, भिंती घासाव्या लागतात.
- उंदीर: स्वच्छ, कोरडे साहित्य माळ्यावर ठेवले आणि त्यावर उंदीर फिरले, तर सगळे कष्ट वाया जातात. इथे कामाला येते ती ठेवण्याची पद्धत.

यातली एक पायरी गाळली तर बाकीच्या दोन तिची जागा भरून काढत नाहीत.

लेप्टो निरोगी माणसाला होतो का?

होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढले, हे अनेकांना आठवत असेल. पण हा आजार पुराच्या पाण्यातून चालणाऱ्यांनाच होतो असे नाही. २००० साली मलेशियाच्या सबाह राज्यात 'इको-चॅलेंज' ही साहसी स्पर्धा झाली. तिच्यात ३०४ खेळाडू होते. स्पर्धेनंतर ज्या १८९ जणांशी संपर्क झाला, त्यांतल्या ८० जणांमध्ये लेप्टोशी जुळणारी लक्षणे आढळली आणि २९ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने कोणी दगावले नाही. तिथल्या सेगामा नदीत पोहणे हे धोक्याचे मुख्य कारण ठरले. हे सगळे सराव केलेले, तंदुरुस्त लोक होते.

जिवाणू शरीरात शिरतो तो जखमेतून, खरचटलेल्या किंवा पाण्यात राहून पांढऱ्या पडलेल्या त्वचेतून, तसेच डोळे, नाक आणि तोंडाच्या ओल्या आवरणातून. मुख्य धोका प्रत्यक्ष पाण्यात उतरण्याचा आहे. पण चिखलाने माखलेले ओले बूट उघड्या, कापलेल्या हातांनी धुणे हादेखील संपर्कच आहे.

पायरी १: नदीवरून निघण्यापूर्वी

- बुटांचा, पिशवीचा आणि दोराचा चिखल तिथेच झटकून काढा. सुकलेला चिखल घरी उडतो किंवा मोरीत तुंबतो.
- कोरडे मोजे किंवा चप्पल आणि एक बदली कपडा सोबत ठेवा. ओल्या बुटांत दोन तास लोकलमध्ये बसलात की चिखल्यांची सुरुवात तिथेच होते.
- ओले सामान जाळीच्या किंवा कापडी पिशवीत भरा. प्लास्टिकची पिशवी वापरावीच लागली तर घरी पोहोचताच उघडा.
- कॉन्टॅक्ट लेन्स घालून नदीत उतरू नका. लेन्स किंवा तिची डबी नदीच्याच काय, नळाच्या पाण्यानेही धुऊ नका. अशा पाण्यातल्या अकँथअमिबा या सूक्ष्मजीवामुळे बुबुळाला गंभीर इजा होऊ शकते.

पायरी २: त्याच दिवशी धुणे

रात्री उशीर झाला असेल तर निदान सगळे सामान पिशवीतून बाहेर काढून पसरा आणि सकाळी धुवा. धुताना रबरी हातमोजे घाला आणि हातावर जखम असेल तर ती झाका. जोराच्या फवाऱ्याने चिखल उडवू नका, तोंडावर आणि डोळ्यांत शिंतोडे येतात. आधी साध्या पाण्याने चिखल काढा, मग साबण लावा.

बूट आणि सँडल: आतला तळवा आणि नाड्या वेगळ्या काढा. सौम्य साबण आणि ब्रशने आतूनही घासा.

मोजे, अंतर्वस्त्रे, टॉवेल: सुती कपडे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुता आले तर बुरशी मरते. ३०-४० अंशांच्या कोमट धुलाईत ती टिकून राहू शकते. ६० अंशांचे पाणी हाताला चटका देते, त्यामुळे वॉशिंग मशीन वापरा किंवा बादलीत भिजवून काठीने ढवळा. लहान मुले जवळ नसतील याची काळजी घ्या. घरात कोणाला गजकर्ण असेल तर त्याचे कपडे आणि टॉवेल वेगळे धुवा.

पोहण्याचे आणि रबरी पोशाख: उलटे करून आतून साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. गरम पाणी, ब्लीच, इस्त्री नको. न धुतलेला, ओलसर पोशाख पुन्हा अंगात घातला की त्यातल्या जिवाणूंमुळे पाठीवर आणि मांड्यांवर केसांच्या मुळाशी पुळ्या येऊ शकतात.

गॉगल, कानाचे बोळे, स्नॉर्कल: साबणाने धुऊन हवेवर सुकवा. हे साहित्य एकमेकांत वाटू नका.

दोर, हार्नेस, पट्टे: साधे पाणी आणि अगदी सौम्य साबण. ब्लीच, फिनेल, टॉयलेट क्लीनर यांचा स्पर्शही नको. रसायनाने दोराचे धागे कमकुवत होतात आणि ते वरून दिसत नाही.

तंबू आणि रेनकोट: मऊ फडक्याने किंवा स्पंजाने पुसून धुवा. मशीनमध्ये घालू नका, आतला जलरोधक थर निघून जातो.

पाण्याच्या बाटल्या आणि नळीच्या पिशव्या: झाकण, वॉशर आणि नळी वेगळी करून गरम पाणी, साबण आणि बारीक ब्रशने घासा. आत बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागले तर जिवाणूंचा थर अजून आहे. निघतच नसेल तर नळी बदला.

वल्ही, प्लास्टिकचे ट्रे, बादल्या, फरशी: घासून धुतल्यावर घरगुती ब्लीच वापरता येते. बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिले असेल तर १ लिटर पाण्यात २० मिलिलिटर घ्या, १० मिनिटे ठेवा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. चिखल तसाच ठेवून वर ब्लीच ओतल्यास त्याचा परिणाम फारसा होत नाही.

*महत्त्वाचे:* ब्लीचमध्ये अॅसिड, टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया असलेले द्रावण कधीही मिसळू नका. त्यातून निघणारे विषारी वायू बंद बाथरूममध्ये श्वास कोंडवतात. डोळे चुरचुरून खोकला सुरू झाला तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या.

पायरी ३: पावसाळ्यात सुकवायचे कसे?

हीच सर्वांत अवघड पायरी आहे. जुलैत आपल्याकडे हवाच इतकी दमट असते की दोरीवरचा रुमालसुद्धा दिवसभरात सुकत नाही. तेव्हा उन्हाची वाट न पाहता हवा खेळती ठेवा.

- आधी पाणी निथळू द्या. बूट उभे तिरके, पोशाख रुंद हँगरवर, जॅकेट खांद्यांवर टांगलेले.
- बुटांत कोरडा वर्तमानपत्राचा कागद कोंबा आणि दर दोन-तीन तासांनी बदला. एकदा घालून रात्रभर विसरलात तर तोच ओला कागद ओलावा धरून ठेवतो.
- पंखा सामानाच्या समोर लावा आणि खिडकी उघडी ठेवा. खिडकी बंद ठेवल्यास तो ओलावा खोलीतच फिरतो.
- पोशाख, हातमोजे आणि पिशव्या आधी आतून आणि मग बाहेरून सुकवा. शिवणी, खिसे आणि जाड पट्ट्या सर्वांत शेवटी सुकतात. तिथे टिश्यू पेपर दाबून पाहा. कागद ओला झाला तर सामान अजून सुकलेले नाही.
- लाइफ जॅकेट, दोर, तंबू आणि रबरी वस्तू सावलीत, वाऱ्यावर सुकवा. दिवसच्या दिवस कडक उन्हात राहिल्याने कापड आणि धागे जीर्ण होतात.
- गॅसच्या शेगडीवर किंवा हीटरजवळ काही सुकवू नका. आगीचा धोका आहेच, शिवाय फोम आणि बुटांचा चिकटवलेला तळ खराब होतो.
- बुटांच्या दोन जोड्या असतील तर आलटून-पालटून वापरा. जाड बूट सुकायला दोन-तीन दिवस सहज लागतात.

एका खोलीच्या घरात झोपायच्या जागेवरच दोरी बांधून ओले सामान टांगले जाते. घरात कोणाला दमा किंवा सतत सर्दी-शिंका असतील तर हे टाळा. ओलाव्याने भिंतीवर आणि कपाटामागे बुरशी धरते आणि तिचे सूक्ष्म कण दम्याचा झटका आणू शकतात. गॅलरी, जिना किंवा मोरीलगतची हवेशीर जागा बघा. काळे-हिरवे डाग पडलेले सामान घराबाहेर, नाकावर मास्क लावून घासा. दमा असलेल्या व्यक्तीने हे काम करू नये.

पायरी ४: ठेवायचे कसे?

- पूर्ण सुकल्याशिवाय काहीही घडी घालून बंद करू नका. तंबू आणि झोपण्याची पिशवी सैल, कापडी पिशवीत ठेवा.
- सामान जमिनीपासून वर, भिंतीपासून थोडे सुटे ठेवा. झाकणाच्या प्लास्टिकच्या खोक्यात उंदीर शिरत नाहीत, पण खोक्यात टाकायचे सामान खणखणीत कोरडे हवे. पिशवीच्या खिशात फरसाण, बिस्किटे राहू देऊ नका.
- उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका. हातमोजे घालून त्यांवर वर सांगितलेले ब्लीचचे पाणी टाका, थोड्या वेळाने पुसा आणि सामान पुन्हा धुवा.
- दोर आणि हार्नेस इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी ठेवू नका. बॅटरीतल्या अॅसिडचा थेंब किंवा वाफ नायलॉनची ताकद कमी करते.
- होड्या, टायर-ट्यूब, टब, बादल्या पालथ्या घाला किंवा झाका. डासाला अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण एक आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून आतल्या भिंती घासा.
- डांबर गोळ्या शक्यतो टाळा, विशेषतः घरात तान्हे बाळ असेल तर. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असते. अशा बाळाला नॅफ्थलीनचा वास भरलेल्या कपड्यांत गुंडाळल्यास तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते.
- दारात किंवा अंगणात ठेवलेले बूट घालण्याआधी उलटे करून आपटा. पावसाळ्यात विंचू आणि साप कोरडा आडोसा शोधतात. साप चावल्यास वेळ न घालवता प्रतिसर्प लस मिळेल अशा सरकारी रुग्णालयात जा.

लाइफ जॅकेट: सुकवताना तपासून घ्या

भातसा नदीवर वर धरण आहे. पाऊस वाढला किंवा पाणी सोडले की शांत दिसणारे पात्र थोड्या वेळात बदलते. खडवली परिसरात पावसाळ्यात बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या आपण वाचतो. प्रशासनाने बंदी घातली असेल तेव्हा पाण्यात उतरूच नये. जिथे परवानगी आहे तिथेही जॅकेट चालू स्थितीत असेल तरच उपयोगी. कुजलेल्या पट्ट्याचे जॅकेट घातलेल्या माणसाला खोटा धीर येतो, हा त्यातला सर्वांत मोठा धोका.

प्रत्येक धुण्यानंतर पुढील गोष्टी पाहा:

1. फोम बोटांनी दाबा. तो परत वर आला पाहिजे. कडक झाला असेल, भुगा होत असेल किंवा चपटा राहत असेल तर जॅकेट बाद करा.
2. पट्टे आणि शिवण जोराने ओढा. धागे सुटत असतील किंवा रंग उडालेले कापड फाटत असेल तर वापरू नका.
3. सगळे क्लिप आणि चेन लावून पाहा. वाळूने अडकत असतील तर धुवा, तडा असेल तर बदला.
4. हंगामापूर्वी उथळ, शांत पाण्यात, शेजारी माणूस उभा करून घालून पाहा. तोंड पाण्याच्या वर सहज राहिले पाहिजे आणि जॅकेट कानांपर्यंत वर सरकता कामा नये.

जॅकेटवर बसू नका, त्यावर जड सामान रचू नका. दाबलेल्या फोमची तरंगण्याची क्षमता कमी होते. पेट्रोल, रॉकेल, ब्लीच किंवा ड्रायक्लीनिंग नको. बाद जॅकेटचे पट्टे कापूनच फेका, म्हणजे ते उचलून कोणी वापरणार नाही.

साहित्य भाड्याने घेता किंवा देता?

घेणाऱ्याने वास घ्यावा, आत हात घालून ओलावा पाहावा आणि स्वतःचे मोजे व हेल्मेटखाली पातळ टोपी वापरावी. पायाला किंवा जांघेत खाज असेल तर भाड्याचे बूट-पोशाख घालू नयेत, त्यातून पुढच्या माणसाला संसर्ग जातो.

देणाऱ्यांसाठी सोपा उपाय म्हणजे साहित्याचे दोन संच आणि वापराच्या तारखेची चिठ्ठी. शनिवारी वापरलेला संच रविवारी सुकत राहतो आणि दुसरा वापरात येतो. साहित्य धुणाऱ्या मुलांना हातमोजे आणि गमबूट द्या. पाहुणे दोन तास पाण्यात असतात, पण ही मुले पावसाळाभर त्याच चिखलात काम करतात. त्यांना प्रतिबंधक गोळीची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- जखम असताना पाण्यात किंवा चिखलात गेला असाल तर ताप येण्याची वाट न पाहता ७२ तासांच्या आत भेटा. लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन दिली जाते, पण ती स्वतःच्या मनाने घेऊ नका. गर्भवती आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे असते. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारा.
- ताप: लेप्टोचा ताप साधारण ५ ते १४ दिवसांनी येतो, कधी महिनाभरानेही. पोटऱ्या आणि कंबर खूप दुखणे, डोळे लाल होणे, डोकेदुखी ही सोबतची लक्षणे. "मी नदीवर गेलो होतो" हे डॉक्टरांना आपणहून सांगा. सुरुवातीलाच उपचार मिळाले तर लेप्टो बरा होतो.
- लघवी कमी होणे, डोळे पिवळे पडणे, धाप लागणे, खोकल्यातून रक्त, ग्लानी: हे थेट रुग्णालयात जाण्याचे कारण आहे.
- पावसाळी तापात आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढू शकतो. तपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉल पुरते.
- खाज, गोल चट्टे, चिखल्या: दुकानातून तीन-चार औषधे एकत्र असलेली मलमाची ट्यूब आणू नका. त्यातल्या स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते आणि मग महिनोन्महिने औषध घ्यावे लागते. घरात इतरांना खाज असेल तर सर्वांचे उपचार एकत्र करा. मधुमेह असलेल्यांनी बोटांमधल्या साध्या भेगेसाठीही लगेच दाखवावे.
- कान दुखणे, पाणी येणे, डोळा लाल होऊन प्रकाश सहन न होणे: तेल, मध किंवा जुने थेंब न टाकता त्याच दिवशी तपासून घ्या.

थोडक्यात

सहलीला निघतानाच जाळीची पिशवी, कोरडे मोजे आणि हातमोजे सोबत घ्या. घरी आल्या दिवशी पिशवी उघडा, घासून धुवा, पंख्याखाली आतून-बाहेरून सुकवा आणि उंदरांपासून दूर ठेवा. सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना बुटात हात घालून पाहा. बोटांना गार, ओलसर लागले तर कागद बदला आणि दुसरे बूट घाला.